पाऊस थांबला, मग सामना का नाही?

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की, नोकरीची तेवीस वर्षं मी व्यावसायिक स्पर्धांची वेळापत्रकं आखण्यात घालवली आणि त्यातली निम्मी ती मोडताना बघण्यात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा सूर तक्रारीचा आहे, आणि त्यांना कारणही आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सात पत्रं निवडली. पत्राखाली ज्यानं जे टोपणनाव लिहिलंय तेच ठेवलंय.

ताई, पाऊस साडेसातला थांबला. आम्ही साडेदहापर्यंत बसून. पंच तीनदा मैदानात आले, बुटानं जमीन दाबली आणि परत गेले. शेवटी सामना रद्द. मग आधीच सांगायला काय होतं? — ओल्या खुर्चीवरचा

तुमचा राग समजतो. पण पंच बुटानं काय दाबत होते ते आधी सांगते, म्हणजे राग नक्की कुणावर काढायचा ते तुम्हालाच ठरवता येईल.

पाऊस आला की सगळे खेळपट्टीची काळजी करतात. खरं तर ती सर्वांत सुरक्षित असते, कारण पहिलं आच्छादन तिच्यावरच पडतं. पंच आधी जातात ते गोलंदाजाच्या धावपट्टीकडे, आणि मग आच्छादनांच्या कडेला. आच्छादनावर साठलेलं पाणी ओढून बाहेर काढताना जिथे सांडतं ती जागा, साधारण तीस यार्डांच्या वर्तुळाच्या आसपासची. तिथे टाच रोवायची आणि भार द्यायचा. टाचेच्या बाजूनं पाणी वर आलं, तर त्या जागी पूर्ण वेगानं धावत येऊन वळणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा गुडघा तुमच्या हातात. पाणी आलं नाही पण खड्डा तसाच राहिला, तरी नाही. गवत उभं राहिलं आणि बूट कोरडा निघाला, तर पंच एकमेकांकडे बघून मान हलवतात. लांबून ती मान दिसते, टाच दिसत नाही.

म्हणजे प्रश्न पावसाचा नसतो, जमिनीचा असतो. वाळूचा थर आणि खाली निचऱ्याच्या नळ्या असलेलं मैदान तासाभरात तयार होतं. चिकणमातीचं मैदान कडक उन्हातही दोन दिवस रुसून बसतं. सप्टेंबर २०२४मध्ये ग्रेटर नोएडाला अफगाणिस्तान आणि न्यूझीलंडची कसोटी होती. पाच दिवस गेले, एकही चेंडू पडला नाही. नाणेफेकसुद्धा झाली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस कानपूरला भारत-बांगलादेश कसोटीचा दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण वाया गेला, आणि तिसऱ्या दिवशी तर अडचण आभाळाची नव्हती, ओल्या मैदानाची होती. तरी भारतानं उरलेल्या वेळात ती कसोटी सात गडी राखून जिंकली, ही गोष्ट वेगळी.

आता, आधीच का सांगत नाहीत? कारण सामना रद्द करायचा हक्क घड्याळाकडे असतो, माणसाकडे नाही. टी-ट्वेंटीत निकालासाठी दोन्ही संघांना किमान पाच-पाच षटकं मिळावी लागतात. तेवढं खेळायचं तर अमुक वाजेपर्यंत सुरुवात झालीच पाहिजे, असं मागून मोजत एक शेवटची वेळ ठरवलेली असते. ती उलटायच्या आधीच रद्द म्हटलं, तर उद्या दोनपैकी एक संघ विचारणार, आमचा गुण कुणी खाल्ला? २०२३च्या आयपीएलचा अंतिम सामना आठवा. २८ मेला पावसात गेला, २९ला राखीव दिवशी गुजरातनं २१४ केल्या, चेन्नईचे तीन चेंडू झाले आणि पुन्हा पाऊस. खेळ सुरू झाला तो मध्यरात्री बारा वाजून दहा मिनिटांनी, १५ षटकांत १७१चं लक्ष्य घेऊन. शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजानं षटकार आणि चौकार मारला तेव्हा ३० तारीख लागली होती. त्या रात्री अकराला कुणी ‘आधीच सांगून’ मोकळं झालं असतं तर?

एका बाबतीत मात्र तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य. पुढची पाहणी किती वाजता, कुठली जागा ओली आहे, शेवटची वेळ कोणती, या तीन ओळी मोठ्या पडद्यावर टाकायला काही लागत नाही. तिथे जाहिराती फिरत असतात. हा शुद्ध निष्काळजीपणा आहे, आणि मी नोकरीत असतानाही होता.

अर्धवट राहिलेला सामना दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे का खेळवतात? पहिल्यापासून का नाही? २०१९च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी मला अजून पटलेली नाही. — कॉलेजातली एक, धोनीची

धोनीची आहेस म्हणजे धावबाद झाल्याचं दुःख आहे, ते नियमाच्या खात्यावर टाकू नकोस.

दोन्ही पद्धती वापरून झालेल्या आहेत, आणि पहिल्यापासून खेळवण्याचा तमाशा भारतानंच बघितलाय. २००२ची चॅम्पियन्स ट्रॉफी, कोलंबो. २९ सप्टेंबरला श्रीलंकेनं पन्नास षटकांत २४४ केल्या, भारताची दोन षटकं झाली आणि पाऊस. तेव्हाचा नियम असा, की राखीव दिवशी पाटी कोरी. ३० तारखेला श्रीलंका पुन्हा पन्नास षटकं खेळली, या वेळी २२२. भारताची ८.४ षटकं झाली आणि पुन्हा पाऊस. दोन दिवसांत ११० षटकं आणि चार चेंडू टाकले गेले, निकाल शून्य. करंडक दोघांत वाटून दिला. कालच्या पन्नास षटकांचा घाम आज कुणाच्याच उपयोगी नाही, यापेक्षा मोठा अन्याय मला तरी सुचत नाही.

म्हणून ‘जिथे थांबला तिथून पुढे’. हे काही नवं नव्हतं. १९९९च्या विश्वचषकात बर्मिंगहॅमचा भारत-इंग्लंड सामना असाच दोन दिवस चालला आणि भारतानं तो ६३ धावांनी जिंकला. तेव्हा आपल्याकडे कुणाला नियम खटकला नव्हता! मँचेस्टरला ९ जुलै २०१९ला न्यूझीलंड ४६.१ षटकांत ५ बाद २११वर थांबली. दुसऱ्या सकाळी उरलेले २३ चेंडू खेळून २३९ झाल्या. मग आपले पहिले तीन ५ धावांत गेले. तू म्हणशील, सकाळची ओलसर हवा आपल्या वाट्याला आली. आली. पण आदल्या दिवशी ढगाळ हवेत, संथ खेळपट्टीवर न्यूझीलंडनं धडपडत धावा जमवल्या होत्या, त्याचं काय? हवा कुणाच्या वाट्याला कशी येईल हे नाणेफेकीसारखंच नशीब. खेळून कमावलेलं मात्र नशिबावर सोडू नये.

टेनिसवाले याबाबतीत सर्वांत सरळ. २०१०च्या विम्बल्डनला इस्नर आणि महू यांचा सामना अंधारामुळे दोनदा थांबला आणि तीन दिवस चालला. अकरा तास पाच मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. मधे एकदा धावफलकच ४७-४७वर बंद पडला, पण गुण जिथे होते तिथेच राहिले. फुटबॉलचा मूळ नियम उलटा आहे: सोडून दिलेला सामना पुन्हा खेळवायचा, स्पर्धेच्या नियमांत वेगळं लिहिलेलं नसेल तर. पण बऱ्याच स्पर्धा वेगळं लिहितात. डिसेंबर २००४मध्ये रेआल माद्रिद आणि रेआल सोसिएदाद यांचा सामना १-१ असताना शेवटच्या मिनिटांत बाँबची धमकी आली आणि सगळं स्टेडियम रिकामं केलं. उरलेली सहा मिनिटं ५ जानेवारीला खेळवली. सहा मिनिटांसाठी दोन संघ तयार होऊन आले, झिदाननं पेनल्टी मारली, माद्रिद २-१नं जिंकली. सोसिएदादची मंडळी मोजे ओले व्हायच्या आत हरून परत.

मला ज्याचा मनापासून राग येतो तो प्रकार तू विचारलाच नाहीस. २०२३च्या आशिया चषकात सुपर फोरच्या सामन्यांपैकी फक्त भारत-पाकिस्तानला राखीव दिवस दिला गेला, आणि तोही स्पर्धा सुरू झाल्यावर. १० सप्टेंबरला भारत २ बाद १४७वर थांबला, ११ला कोहली आणि राहुल दोघांनी शतकं काढली, ३५६ धावा, २२८नं विजय. सगळ्या संघांची संमती होती असं सांगितलं गेलं. असेल. पण राखीव दिवस म्हणजे छत्री. ती पाऊस यायच्या आधी घ्यायची, आणि घ्यायची तर सगळ्यांसाठी.

राखीव दिवस सगळ्याच सामन्यांना का देत नाहीत? कॅलेंडरमध्ये एक चौकोन रिकामा ठेवायचा, एवढंच ना? — हिशेबी माणूस

एवढंच असतं तर माझी नोकरी दोन आठवड्यांत संपली असती.

माझ्या टेबलामागे भिंतीवर एक लोखंडी फळा होता. हिरवं चुंबक म्हणजे सामना, पिवळं म्हणजे प्रवास, लाल म्हणजे प्रक्षेपणाच्या गाड्या, काळं म्हणजे मैदान दुसऱ्या कुणाकडे. एक हिरवं हलवलं की सरासरी सहा-सात चुंबकं हलायची. कॅमेऱ्यांच्या गाड्या एका मैदानावरून दुसऱ्यावर जायला दीड-दोन दिवस घेतात. त्या उद्या इथेच थांबल्या तर परवाचा सामना कोण दाखवणार? साखळीत प्रत्येक सामन्याला एक राखीव दिवस म्हटलं तर स्पर्धा जवळपास दुप्पट लांबते, आणि तोवर खेळाडूंचे पुढचे करार सुरू झालेले असतात. म्हणून राखीव दिवस उपांत्य आणि अंतिम फेरीला, जिथे ‘दोघांना एकेक गुण’ असं म्हणून सुटका नसते. तिथेही कधी पळवाट काढावी लागते. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात गयानाच्या उपांत्य सामन्याला राखीव दिवस नव्हता, कारण अंतिम सामना दोनच दिवसांवर होता. त्याऐवजी त्याच दिवसाला २५० मिनिटं जोडून दिली.

आणि रिकामा चौकोन रिकामा नसतो हे मला माझ्या फजितीनं शिकवलं. एका स्पर्धेचा उपांत्य सामना पावसानं राखीव दिवशी गेला. मी खूश, कारण सगळं हाताशी होतं: पंच, गुणलेखक, दिव्यांचं डिझेल, चेंडूंची पेटी. सकाळी आभाळ असं निळं की आदल्या दिवशी पाऊस पडला होता हे कुणाला खरं वाटू नये. दोन्ही संघ तयार. आणि सामनाधिकारी मला विचारतात, रुग्णवाहिका कुठाय? तिची नोंदणी एका दिवसाचीच केली होती. कुणी? मी. मैदानात रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय पहिला चेंडू पडत नाही. लख्ख उन्हात एक तास दहा मिनिटं सामना थांबला, आणि समालोचक प्रेक्षकांना सांगत होते की काहीतरी ‘तांत्रिक अडचण’ आहे. ती तांत्रिक अडचण फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

ताई, स्पर्धाच मधे थांबली तर पुन्हा कशी उभी करतात? आणि थांबवायचं कुणी ठरवायचं? — दोन मुलींचा बाप, दोघी खेळाडू

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात लोकांचा मोठा गैरसमज आहे. मैदान धड आहे का, एवढंच बघून निर्णय होत नाही. १७ ऑक्टोबर १९८९ला सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना सुरू व्हायच्या थोडं आधी, पाच वाजून चार मिनिटांनी, ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं स्टँडमध्ये बसलेली. स्टेडियम टिकलं. खेळाडू आपापल्या बायकामुलांना स्टँडमधून खाली मैदानात घेऊन आले. मालिका पुन्हा सुरू झाली दहा दिवसांनी, २७ तारखेला. स्टेडियम धड असताना दहा दिवस कशाला? कारण सामन्याला जे पोलीस, रुग्णवाहिका आणि वीज लागते, त्या सगळ्यावर त्या दिवसांत शहराचा हक्क पहिला होता. २०२२मध्ये राणी एलिझाबेथच्या निधनानंतर प्रीमियर लीगनं आधी एक अख्खी फेरी पुढे ढकलली ती शोक म्हणून. त्यापुढच्या आठवड्यात चेल्सी-लिव्हरपूलसारखे मोजके सामनेच ढकलले, ते पोलीस बंदोबस्त मिळणार नव्हता म्हणून. वर्तमानपत्रांत दोन्ही वेळा मथळा जवळपास एकच. कारणं मात्र वेगळी.

आता पुन्हा उभी करणं. ८ मे २०२५ला धरमशालात पंजाब-दिल्ली सामना १०.१ षटकांनंतर थांबवून मैदान रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी आयपीएल आठवड्यासाठी स्थगित. १७ मेला पुन्हा सुरुवात: उरलेले १७ सामने, फक्त सहा मैदानं, आणि अंतिम सामना २५ मेऐवजी ३ जूनला. पुढे तो कोलकात्याहून अहमदाबादला हलवला. अर्धवट राहिलेला पंजाब-दिल्ली सामना जयपूरला पहिल्यापासून खेळवला. पंजाबच्या १ बाद १२२ धावा गेल्या पाण्यात, आणि तो सामना दिल्लीनं जिंकला! परदेशी खेळाडूंपैकी काहींना देशाकडून खेळायला जायचं होतं, म्हणून तात्पुरते बदली खेळाडू घ्यायची मुभा दिली. आणि पुन्हा सुरू झाल्यावरचा पहिलाच सामना, बेंगळुरूचा, पावसानं धुऊन नेला. फळ्यावरचं चुंबक निसटून खाली पडतं तसं.

मैदानं कमी करणं ही यातली खरी युक्ती. प्रवासाची पिवळी चुंबकं काढून टाकली की आठवड्याभरात कितीतरी सामने बसतात. २०२१मध्ये २९ सामन्यांनंतर स्पर्धा थांबली, तेव्हा तर चार महिने थांबून उरलेली सगळी स्पर्धा अमिरातीत नेली. अंतिम सामना १५ ऑक्टोबरला. यात घरच्या मैदानाचा फायदा गेला तो गेलाच. दक्षिण अमेरिकेत त्याची कमाल झाली. २०१८च्या कोपा लिबेर्तादोरेस या फुटबॉल स्पर्धेचा दोन टप्प्यांचा अंतिम सामना, रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स, एकाच शहरातले हाडवैरी. पहिला टप्पा पावसानं एक दिवस लांबला. दुसऱ्या टप्प्याला येताना बोकाच्या बसवर हल्ला झाला, काचा फुटल्या, खेळाडू जखमी झाले. आज, उद्या करत शेवटी सामना ९ डिसेंबरला माद्रिदमध्ये झाला. स्पॅनिश सत्तेपासून खंड मुक्त करणाऱ्यांच्या नावाचा करंडक, आणि त्याचा निकाल स्पेनच्या राजधानीत! रिव्हर ३-१नं जिंकली, पण तिचे घरचे प्रेक्षक समुद्राच्या पलीकडे.

एखादा खेळाडू मैदानातच कोसळला तर त्या दिवशी खेळ पुढे चालवणं बरोबर आहे का? — परिचारिका

नाही.

तुम्ही परिचारिका आहात, म्हणून थोडं जास्त लिहिते. १२ जून २०२१ला डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन ४३व्या मिनिटाला कोसळला. हृदय बंद पडलं होतं. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठ करून कडं केलं. तो शुद्धीवर आल्याचं कळल्यावर त्याच रात्री उरलेला सामना खेळवला गेला. खेळाडूंनीच मागणी केली असं अधिकृतरीत्या सांगितलं गेलं. पण गोलरक्षक श्मायकेलनं नंतर सांगितलं की पुढ्यात पर्याय दोनच होते: आत्ता, नाहीतर उद्या दुपारी बाराला. असे दोन पर्याय पुढ्यात ठेवायचे आणि त्याला खेळाडूंची इच्छा म्हणायचं! डेन्मार्क ०-१नं हरली. एप्रिल २०१७मध्ये डॉर्टमुंड या जर्मन फुटबॉल संघाच्या बसजवळ बाँब फुटले, त्यांचा खेळाडू बार्त्रा जखमी झाला, आणि संघ चोवीस तासांच्या आत मोनाकोविरुद्ध मैदानात होता; तेही २-३ हरले. निर्णय आपल्याला मोबाइलवरच्या संदेशानं कळला, असं प्रशिक्षक टुखेल म्हणाले होते.

आता दुसरं उदाहरण बघा. २ जानेवारी २०२३, अमेरिकन फुटबॉल, बफेलो आणि सिनसिनाटी. दामार हॅमलिन एक टक्कर घेऊन उठला आणि मागे कोसळला. मैदानातच छातीवर दाब देऊन त्याला परत आणलं. सामना त्या रात्री थांबला तो कायमचा. पुन्हा खेळवला नाही, शेवटी रद्द. त्यामुळे दोन संघ सोळाच सामने खेळले आणि बाकीचे सतरा. गुणतक्ता वाकडा झाला. मग मालकांनी मतदान करून ठरवलं की अमुक दोन संघ गाठ पडले तर त्यांच्या गटाचा अंतिम सामना त्रयस्थ मैदानावर घ्यायचा. वेळ आलीच नाही, कारण बफेलो आधीच हरली, आणि हरली ती सिनसिनाटीकडूनच. माझ्यासारख्या वेळापत्रकवालीला वाकडा गुणतक्ता बघवत नाही, हे कबूल करते. पण तो वाकडा राहिला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. आणि हॅमलिन त्याच वर्षी पुढच्या हंगामात खेळला, एरिक्सनही परतला.

वर्षभरानं खेळलेला सामना तोच सामना असतो का? — वकील

कागदावर तोच, वकीलसाहेब. सप्टेंबर २०२१मध्ये भारत इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत २-१नं पुढे होता, आणि मँचेस्टरची पाचवी कसोटी सुरू व्हायच्या काही तास आधी भारतीय गोटातल्या कोविडमुळे रद्द झाली. ती खेळवली बर्मिंगहॅमला, १ जुलै २०२२ला. मधल्या काळात रूट आणि कोहली दोघांचं कर्णधारपद गेलं होतं, प्रशिक्षक शास्त्रींच्या जागी द्रविड होते, रोहितला कोविड झाला म्हणून नाणेफेकीला बुमरा गेला. त्याच बुमरानं ब्रॉडच्या एका षटकात बॅटनं २९ काढल्या. अवांतर धरून षटक ३५चं, कसोटीतलं सर्वांत महाग. तरी इंग्लंडनं ३७८चा पाठलाग सात गडी राखून केला, आणि मालिका २-२. भारत ज्या संघापुढे २-१नं होता तो संघ तोवर शिल्लकच नव्हता. माझं मत विचाराल तर अशा वेळी मालिका २-२ लिहायची, पण शेजारी एक तारका हवी. तुमच्या धंद्यात त्याला काय म्हणतात माहीत नाही.

छत असलेली स्टेडियमं बांधली की प्रश्न मिटेल ना? आणि समजा वेळेची मर्यादाच काढून टाकली तर? — निवृत्त, वेळच वेळ असलेला

छताचं थोडक्यात. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टला २००९पासून सरकतं छत आहे आणि तिथे ते उत्तम चालतं. पण डिसेंबर २०१०मध्ये मिनीयापोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं छतच बर्फाच्या भारानं फाटलं आणि सामना डेट्रॉइटला न्यावा लागला. २०१३च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, न्यू ऑर्लिन्सला डोक्यावर छत होतं, वीजच गेली. ३४ मिनिटं अंधारात.

वेळेची मर्यादा काढून बघितलेली आहे. मार्च १९३९, डर्बन, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड. निकाल लागेपर्यंत खेळायचं, असं ठरवून सुरू केलेली कसोटी. ३ तारखेला सुरू झाली. मधे एक दिवस पावसात गेला, बाकी नऊ दिवस खेळ झाला. खेळपट्टीवर पाऊस पडला की ती पुन्हा गुळगुळीत व्हायची आणि फलंदाज पुन्हा पहिल्यापासून ठाण मांडून बसायचे. इंग्लंडपुढे चौथ्या डावात ६९६. तेही निघाले होते की हो तिकडे! १४ तारखेला चहापानाला ५ बाद ६५४, बेचाळीस धावा बाकी, पाच गडी हातात, आणि पुन्हा पाऊस. उद्या खेळायला कुणाची हरकत नव्हती, नियमांचीही नव्हती. पण इंग्लंडची परतीची बोट केपटाऊनहून सुटणार होती, आणि ती गाठायची तर डर्बनहून त्याच रात्रीची गाडी पकडायला हवी होती. सामना अनिर्णित.